जेरेच्या मयतीची तालीम

झेब्रोन जेरे एकतीस वर्षं जंगलातल्या ज्या कॅम्पवर पाहुण्यांना सिंह दाखवत होता आणि मी त्याच पाहुण्यांना सूप पाजत होतो, तिथे आम्ही दोघं पाहुणे म्हणून राहायला गेलो ते ऑक्टोबरच्या शेवटी. तोवर खरे पाहुणे घरी परतलेले असतात. लुआंग्वा नदी इतकी आटते की तिच्यात पाण्यापेक्षा पाणघोडेच जास्त दिसतात, आणि पावसाआधी गवताच्या खोल्या उतरवायला घेतात. जेरेची मुलगी थोको आता तिथली मॅनेजर आहे. तिने नदीवरची एक खोली दोन दिवस तशीच उभी ठेवली.

"बाबांना एकदा तरी पलंगावर पडून नदी बघू दे," ती मला म्हणाली. "काका, तुम्ही बरोबर असाल तरच जातो म्हणतायत."

चिपाटाच्या डॉक्टरांनी जेरेला पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं होतं आणि मुदतही सांगितली होती. नाव तो विसरला. मुदत लक्षात ठेवली. नाताळ कदाचित दिसेल, ईस्टर नाही.

"येतो," मी त्याला म्हटलं, "पण उंदीर खाणाऱ्यासोबत एका खोलीत झोपायचं म्हणजे मला मांजर घेऊन यावं लागेल."

"आण. माकडखाऊ माणसा, तू तिलाही शिजवशील."

परक्याला हे भांडण वाटतं. मी बेम्बा जमातीचा, तो न्गोनी. आमच्या पणजोबांनी एकमेकांना भाले मारले. लढाई मिटली तेव्हा भाले गेले आणि टोमणे राहिले. तेव्हापासून बेम्बाने न्गोनीला आणि न्गोनीने बेम्बाला काहीही बोलावं, राग धरायचा नाही. आणि घरात मयत झाली की सख्ख्यांनी रडायचं, या थट्टेच्या भावंडांनी हसवायचं. मेलेल्याची नक्कल करायची, त्याच्या भानगडी काढायच्या, शवपेटीच्या वाटेत आडवं पडायचं. रडणाऱ्यांना श्वास घ्यायला तेवढीच फट मिळते.

सात वर्षांपूर्वी जेरेची बायको एमेली गेली, तेव्हा ते काम माझं होतं. तिच्या हातची शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याची पानं मी वीस वर्षं खाल्ली होती. त्यात खडे असायचे, माझे दोन दात त्या बाईने नेले, असं बोलायचं ठरवून मी अंगणात शिरलो. चटईवरच्या बायका रडायच्या थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं आणि रडलो. थोडंथोडकं नाही, नाक वाहेपर्यंत, सख्ख्या भावासारखा. दोन दिवस त्या अंगणात कुणी हसलं नाही.

त्यानंतर वर्षभर जेरे माझ्याशी सभ्यपणे वागला. "कसा आहेस, कसोंदे? तब्येत बरी आहे ना?" इतकी मोठी शिक्षा मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

पाहुणे म्हणून आम्ही अगदीच टाकाऊ निघालो. पहाटे उठवायला ढोल वाजायच्या आधीच जेरे बूट घालून बसला. मी स्वतःचं अंथरूण आवरलं, वर जेरेचंही आवरलं, तो त्यात असताना. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन सुपात मीठ कमी आहे असं सांगितलं, तर नव्या आचाऱ्याने मला हातातला डाव दाखवून बाहेर काढलं. म्हणाला, "पाहुण्यांना इथे यायची परवानगी नाही." तशी पाटी दारावर मीच लावली होती.

जेवण झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. समोर वाळू, मग नदी, मग पलीकडच्या काठावर मगरी ओळीने पडलेल्या. जेरेने दोन घास खाल्ले होते आणि चार असल्याचं मला सांगितलं होतं.

"चल, सुरू कर," तो म्हणाला.

"काय?"

"मी मेलोय." तो आरामखुर्चीत मागे रेलला, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. "अंगणात लोक बसलेत. थोको रडतेय. तू आलास. बोल."

"अरे, वेडा झालास का?"

"मेलोय म्हटलं ना! मेलेल्याला प्रश्न विचारत नाहीत." मग डोळे मिटूनच म्हणाला, "कसोंदे, एमेलीच्या वेळी दुःख माझं होतं, मी निभावलं. थोकोला भाऊ नाही, बहीण नाही. तू तिथे नाक पुसत उभा राहिलास तर त्या पोरीला हसवणार कोण? पास्टर?"

मी घसा खाकरला. "हा न्गोनी," मी म्हटलं, "एकदा सात पाहुण्यांना घेऊन सिंह दाखवायला गेला आणि सहाच परत आणले..."

"सातवा झाडावर होता. पुढे?"

"आणि... आणि हा माझा..." मी खिशात रुमाल शोधायला लागलो.

जेरेने एक डोळा उघडला. "माझा काय? माझा मित्र? मित्राचं काम पास्टर करील. तुला शिव्या द्यायला बोलावलंय. पुन्हा."

त्या दुपारी मी पाच वेळा सुरुवात केली आणि पाचही वेळा 'हा माझा' वर येऊन अडकलो. थोको चहा घेऊन आली तेव्हा तिचा बाप मेलेला होता आणि मी त्याच्या पायाशी रुमालात तोंड खुपसून बसलो होतो. ट्रे तिच्या हातून सुटणारच होता.

"बेटा, घाबरू नकोस," जेरे डोळे न उघडता म्हणाला. "तालीम चाललीय. नट वाईट आहे."

तिने चहा ठेवला आणि नदीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला काठापर्यंत जायचं होतं. काठाच्या उभ्या मातीत लाल पक्ष्यांनी शेकड्यांनी बिळं केली होती, ती त्याला बघायची होती. खुर्चीतून उठायला गेला आणि उठता येईना. दोनदा प्रयत्न केला. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

मी त्याच्या काखेत हात घालून उचललं. एकेकाळी या माणसाने गाडी चिखलात रुतली की खांदा लावून बाहेर काढली होती. आता मी उचलला आणि तो वर आला, रिकाम्या पोत्यासारखा.

"एवढाच?" माझ्या तोंडून निघालं. "बाकीचा कुठे ठेवलास? न्गोनी लोक चिकट असतात माहीत होतं, पण मातीला द्यायलासुद्धा हात आखडतोस? किडे मला शिव्या देतील, म्हणतील ह्या बेम्बाने आम्हाला हाडं चाटायला बोलावलं!"

जेरे हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुन्हा हसला. "हेच," तो म्हणाला. "गाढवा, हेच. हेच बोल."

पक्षी बघायला आम्ही गेलोच नाही. तिथेच उभे राहिलो, मी त्याला धरून.

नाताळला चार दिवस असताना तो गेला. रस्ते चिखलाने भरलेले, मी दोन लॉऱ्या बदलून आणि शेवटचा टप्पा चालत त्याच्या गावी पोचलो. वाटभर किड्यांचं तेच वाक्य घोकत होतो. अंगणात गेलो, आणि सहा माणसांनी पेटी उचलली तेव्हा ध्यानात आलं की घोकलेलं सगळं वाया गेलं. पेटी ताज्या लाकडाची होती, पावसाने भिजलेली. सहा जण वाकले होते. याला हलका कोण म्हणणार?

थोको पेटीच्या मागे होती. ती रडत नव्हती, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते जास्त वाईट.

मी चिखलात आडवा पडलो. वाटेच्या मधोमध, माझ्या एकुलत्या एका सुटात.

"थांबा!" मी ओरडलो. "हा चोर आहे! दोन महिन्यांपूर्वी मी ह्याला एका हाताने उचलला होता. आज सहा जण वाकलेत. कॅम्पवरून काय काय पळवून नेतोय? पेटी उघडा! माझी सगळी पातेली आत आहेत!"

एक म्हातारी फिस्‌कन हसली. मग उचलणाऱ्यांतला एक हसला, पेटी कलली, त्यावर बाकीचे हसले. पास्टरांनी पुस्तक तोंडासमोर धरलं.

"आणि ऐक रे उंदीरखाऊ," मी पेटीला म्हटलं, "वर तुला कामावर ठेवतील असं समजू नकोस. तिथे मोजून माणसं परत आणावी लागतात!"

आणि मी थांबलो. लोकांना वाटलं, मी विसरलो. विसरलो नव्हतो. आपण एक टोमणा टाकला की गप्प राहायचं, कारण समोरून येणार असतो. एवढ्या वर्षांची सवय. मी चिखलात पडून वाट बघत होतो, आणि पेटीतून काही येत नव्हतं. आता पुन्हा रडणार, मला कळलं.

"ए माकडखाऊ म्हाताऱ्या!"

थोको होती. जन्मभर मला काका, तुम्ही, बसा, घ्या म्हणणारी मुलगी.

"हो बाजूला माझ्या बापाच्या वाटेतून! तुझ्या सुपाला कंटाळूनच गेलाय तो. आता तिकडेही आडवा येणार का?"

सगळं अंगण हसलं. ती स्वतः हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं, मोठ्याने, तोंड उघडं ठेवून, जसं फुटायला हवं होतं तसं. बायकांनी तिला धरलं. मी हार मानल्याचे दोन्ही हात वर केले आणि सरपटत बाजूला झालो. पेटी पुढे गेली.

तिचं उत्तर चांगलं होतं. पण जेरे सुपावर बोलला नसता. सूप त्याने आमच्या ओळखीच्या दुसऱ्याच वर्षी वापरून संपवलं होतं. तो दुसरं काहीतरी बोलला असता, ज्याने मी तीन दिवस धुमसत राहिलो असतो. काय, ते मी शोधतोय. भाजी निवडताना शोधतो, चर्चमध्ये शोधतो. त्याचा आवाज आठवतो, डोळा कसा बारीक करायचा ते आठवतं, पहिला शब्दसुद्धा ओठावर येतो. पुढचं काही सुचत नाही.