सातवा डबा

"एकदाच वजन करायचं, काटाताई. दुसऱ्यांदा काट्यावर काही ठेवायचं नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.

टेबलावर हृदयविकाराच्या गोळ्यांचे दहा मोठे पत्र्याचे डबे होते. त्यांतल्या एकात औषध जास्त पडलं होतं, पाचशेऐवजी सहाशे मिलिग्रॅमची गोळी. यंत्रावरच्या माणसाने सकाळी तसं कबूल केलं. पण डबा कुठला, ते त्याला काही केल्या आठवेना. काट्यावरच्या प्रत्येक वजनाची नोंद थेट मुख्य कचेरीत जायची; एक वजन रोजचं म्हणून खपलं असतं, दुसऱ्यावर विचारणा झाली असती, म्हणून साहेबांना घाम फुटला होता.

या कारखान्यात एकोणतीस वर्षं वजनं करणारी बाई ती. सगळे काटाताई म्हणत.

"एका वजनात कसं कळणार हो?" ती पुटपुटली. मग एकदम हसली. "थांबा, थांबा! जमेल की!"

पहिल्या डब्यातून तिने एक गोळी काढली, दुसऱ्यातून दोन, तिसऱ्यातून तीन, असं करत दहाव्यातून दहा. झाल्या पंचावन्न. सगळ्या चांगल्या असत्या तर साडेसत्तावीस ग्रॅम भरल्या असत्या. आता जितक्या वेळा शंभर मिलिग्रॅम जास्त, तितव्या नंबरचा डबा चोर.

काट्यावर सातशे मिलिग्रॅम जास्त आले.

"सातवा!"

"वा! डोकं आहे हं तुम्हाला," साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. काटाताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या वर्षांत कौतुक केलं होतं कुणी मेलं!

"जाळायला पाठवते हा," ती म्हणाली.

"जाळायला? छे! नोंद करावी लागेल. बाकीच्या नऊ डब्यांत मिसळून टाका. विखुरल्या की कोण शोधणार? तुम्हालासुद्धा सापडायच्या नाहीत."

ते अगदी खरं होतं. काटाताईला स्वतःच्याच हुशारीची लाज वाटली.

"साहेब, माणसं मरतील हो."

"ती आधीच आजारी असतात. तुम्हाला निवृत्तीला चार महिने राहिलेत ना? कागदांवर सही माझीच लागते. कशाला नसती भानगड अंगावर घेता?"

साहेबांनी फोन करून दोन हमालांना वर बोलावलं.

काटाताईने सातव्या डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा ओढत जमिनीवर उतरवला आणि त्यावर बसली.

"उठा."

ती उठली नाही.

"काटाताई, उठा म्हणतो ना!"

जिन्यावर जड पावलं वाजली, मग दार वाजलं. साहेब कडी काढायला गेले. काटाताईने चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही हातांनी डब्याची कड घट्ट धरली.