दहावी मुलाखत

बाईंनी दोन्ही प्रकल्प उघडले, शेजारी शेजारी ठेवले आणि बाइंडरकडे सरकवले.

"हे दोन्ही तुमच्याच दुकानातले?"

बाइंडरने एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. तीन टाके, मधला जरा आखूड. शिवण त्याचीच होती.

"हो बाई. हा दोन वर्षांपूर्वीचा. आणि हा माझ्या मुलीचा."

"दोन्हींचं तिसरं प्रकरण बघा. तेच दहा लोक, त्याच मुलाखती. एक स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे नाही."

मुलगी भिंतीशी खुर्चीवर बसली होती. तिच्यासमोर कॉलेजच्या नियमांचा कागद होता. दुसऱ्याचं लिखाण उतरवल्याचं ठरलं, तर नाव पटावरून कमी. तिथे अधलंमधलं काही नव्हतं.

अर्ध्या तासापूर्वी जिन्यात तिने वर न बघता त्याला सगळं सांगितलं होतं. मुलाखतींना वेळ उरला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पोराने दुकानात छपाईला आणलेली फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून होती. तिने प्रकरण उचललं.

"बाबा, छापताना फाइल बदलली असं म्हणा. वाचता येत नाही म्हणून कळलं नाही, असं."

"त्यांना खरं वाटेल?"

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत वाळलेली खळ, बोटांना दाभणाची भोकं.

"वाटेल," ती म्हणाली.

"आणि तुझं स्वतःचं?"

"लिहीन. शप्पथ. मला फक्त आठ दिवस मिळू देत."

आता बाई वाट पाहत होत्या. बाइंडरने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"चूक माझी आहे बाई. छपाईच्या वेळी फायली बदलल्या. दोन्हींवर तिसरं प्रकरण म्हणूनच लिहिलं होतं म्हणतात. पोरीचं खरं प्रकरण राहून गेलं."

"पण पानं हातात आल्यावर दिसलं नाही?" बाईंच्या शेजारी बसलेल्या टक्कलवाल्या सरांनी विचारलं.

"मला वाचता येत नाही, साहेब. मी आकडे बघतो. एकतीसनंतर बत्तीस आलं की माझं काम झालं."

सरांनी मुलीच्या प्रकल्पाचं पहिलं पान उलटलं. विषय होता, उतारवयात अक्षर शिकलेली माणसं.

"घ्या. पोरगी साक्षरतेवर प्रकल्प करते आणि बाप अंगठेबहाद्दर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

कोपऱ्यातला कारकून हसला. बाई हसल्या नाहीत. मुलगी नियमांच्या कागदाची कड दुमडत राहिली.

अकरा वर्षांपूर्वी, ती चौथीत असताना, तिनेच त्याला शिकवलं होतं. दुकानात छपाईत बिघडलेली पानं रगड. प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला एक प्रतिज्ञापत्र असायचं, त्यामुळे तेच पान सगळ्यात जास्त. ती त्यावर त्याला पेन्सिलीने गिरवायला लावायची. 'हे काम माझे स्वतःचे असून इतर कोणाचेही उतरवलेले नाही.' एवढं एक वाक्य सलग वाचायला त्याला सबंध हिवाळा लागला. आयुष्यात वाचलेलं ते पहिलं वाक्य. तेव्हापासून कुणाचाही प्रकल्प येवो, दाभण लावायच्या आधी तो त्या ओळीखाली बोट धरून पुटपुटत वाचायचा. पोरं चेष्टा करायची, "खळकाका, मंतरून देताय का? मार्क वाढतील?"

"वाढले तर निम्मे माझे," तो म्हणायचा.

मुलीच्या प्रकल्पावरही त्याने बोट धरलं होतं. खालची तिची सही त्याला सुरेख वाटली होती.

कारकुनाने जबाब लिहून काढला आणि मोठ्याने वाचला. फाइल बदलल्याची जबाबदारी दुकानदाराची. यापुढे कॉलेजचं कोणतंही काम या दुकानाकडे येणार नाही, विद्यार्थ्यांनीही तिथे प्रकल्प बांधू नयेत. कारकून वाचत होता तसे बाइंडरचे डोळे उलट्या बाजूने का होईना ओळींवरून सरकत होते. 'बेफिकीर आणि अडाणी' हे शब्द कारकुनाने वाचताना गाळले. माणूस अगदीच वाईट नव्हता.

कागद पुढे आला. बाइंडरचा हात सवयीने टेबलावरच्या पेनाकडे गेला.

भिंतीशी खुर्ची करकरली.

त्याने पेन उचललं आणि बाजूला ठेवलं, मध्ये आलेली वस्तू सरकवावी तसं.

"अंगठा, काका," म्हणत कारकुनाने शाईचं पॅड उघडलं.

त्याने उजवा पुढे केला.

"डावा हो. पहिल्यांदाच देताय का?"

"बऱ्याच दिवसांनी."

अंगठा उमटला. बाईंनी तो निरखून पाहिला, मग मुलीकडे पाहिलं.

"आठ दिवस," त्या म्हणाल्या. "तुझं खरं प्रकरण आणून दे."

आठही दिवस मुलगी सकाळी वही घेऊन बाहेर पडली. एक रखवालदार, एक भाजीवाली, इस्त्रीवाला आणि त्याची बायको, हॉस्पिटलमधली आया. संध्याकाळी जेवण निवेपर्यंत लिहीत बसायची. बाइंडर दुकानात जुने पुठ्ठे लावायचा, पुन्हा काढायचा. पोरं समोरून जायची. एखादा मान हलवायचा, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाकडे वळायचा.

नवव्या दिवशी सकाळी तिने सुट्या पानांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला.

"पलीकडे बांधायला नेतेय. त्याआधी तुम्ही बघा."

त्याने गठ्ठा उभा धरून दोन्ही बाजूंनी ठोकला, कडा जुळवल्या, कोपरा वाकवून अंदाज घेतला.

"पातळ आहे."

"मुलाखती दहा हव्या होत्या. नऊच आहेत."

"दहावं माणूस नाही मिळालं?"

"मिळालं होतं," ती म्हणाली. "घालता येत नव्हतं."

अंगठ्याच्या रेघांतली शाई अजून पुरती गेली नव्हती. त्याने तो फडक्याला पुसला.

वरच प्रतिज्ञापत्राचं पान होतं. खाली तिची ताजी सही.

"या वेळी सगळं माझं आहे, बाबा. एकेक शब्द. वाचा ना."

त्याचं बोट ओळीपर्यंत गेलं. मग पुढे सरकलं, पानाच्या खालच्या कोपऱ्यापाशी. त्याने पान उलटलं, मग पुढचं, मग त्यापुढचं, एकेक करत अगदी शेवटपर्यंत. ती उभी होती. शेवटचं पान झाल्यावर त्याने गठ्ठा पुन्हा ठोकून सारखा केला, दोऱ्याने बांधला आणि तिच्या हातात दिला.

"आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला.