आधी गाव विचारावं

झकारियासच्या गळी मुसलमान जावई उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले. भाऊ माझा धाकटा, पण हट्टाला आमच्या आईवर गेलाय. त्याची एकुलती एक योसिना आंबोन शहरात नर्स आहे. तिथल्याच औषधांच्या दुकानातला रुस्दी तिला आवडला. झकारियास म्हणाला, "चर्चमध्ये लग्न लागणार नसेल तर मी मेलो समजा."

"अरे झाक्या," मी म्हटलं, "ज्या साली अख्खं बेट धर्मावरून एकमेकांची घरं जाळत सुटलं होतं, त्या साली तुला कुणी वाचवलं? हातुलाना गावच्या मुसलमानांनीच ना? तुला मशिदीच्या मागच्या खोलीत लपवून दारात कोयते घेऊन बसले होते."

"ते आपले शपथेचे भाऊ, ताई. त्यांची गोष्ट वेगळी."

वेगळी खरीच. आमच्या आणि त्यांच्या गावच्या पूर्वजांनी एकमेकांचं रक्त पिऊन शपथ घेतलेली. त्यांच्या मशिदीचं छप्पर आमची माणसं चढवतात, आमच्या चर्चचे खांब ते उभे करतात. त्यांच्यातल्या कुणी आमच्या वाडीतला नारळ तोडला तर आम्ही हूं की चूं करत नाही. भावाला कोण अडवतं?

शेवटी पोरीने जेवण सोडलं तेव्हा गडी नरमला. "येऊ दे त्याला. दारू तरी पीत नसेल."

रविवारी रुस्दी आला. पोरगा लाजरा, गुणी. मी साबूच्या पिठाचा चिकट पापेडा घोटत होते, माशाचा पिवळा रस्सा उकळत होता. झकारियासने चौकशी सुरू केली.

"मकासारचे तुम्ही?"

"जन्म तिथला, काका. बाबा इकडचेच. दंगलीत समुद्र ओलांडून तिकडे गेले ते परतलेच नाहीत. मी लहान असतानाच वारले."

"इकडचे म्हणजे कुठले?"

"हातुलानाचे."

माझा हात थांबला. बया गं! वर्षभर बरोबर हिंडले आणि गाव विचारलं नाही? आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा आधी गाव विचारतं! पण तो मकासारचा म्हटल्यावर योसीने पुढे काही विचारलं नाही, आणि शपथेचं त्याला सांगायला बाप उरला नव्हता.

झकारियास ताडकन उठला आणि त्याने पोराला मिठीच मारली. "हातुलानाचा! अरे, मग तू घरचाच की!" रडत होता, हसत होता. मग त्याची नजर योसीकडे गेली आणि तो मटकन खाली बसला.

"बाळा, धर्माला मी हो म्हटलं होतं," तो म्हणाला. "पण शपथेच्या गावातली पोरं म्हणजे सख्खी भावंडं. भावाबहिणीचं लग्न मी कसं लावू?"

रुस्दीला आधी समजेचना. समजलं तेव्हा त्याचा आवाज चढला. "कधीकाळी कुणी रक्त प्यालं म्हणून?"

"त्याच रक्तावर मी जिवंत आहे. मी मेलो असतो तर ही जन्मलीच नसती."

माझं डोकंच फिरलं. "कुणाला कळायचंय?" मी ओरडले. "आपण चौघंच आहोत इथे. मकासारचा म्हणून सांगू! मी खोटं बोलेन, पाप माझ्या डोक्यावर!" आणि बोलले असतेच. पोरीपुढे शपथ कसली घेऊन बसलात?

"आत्या, पुरे," योसी म्हणाली. "उद्या बाबा कुठल्या तोंडाने हातुलानाला जातील?"

तिने माझ्या हातातली पळी घेतली आणि ताट वाढलं. शपथेच्या भावाला पहिलं ताट देतात, माशाचं डोकंही त्यालाच. ताट त्याच्यापुढे ठेवून ती समोर बसली.

"दादा, जेव," म्हणाली.

रुस्दी मान खाली घालून जेवायला लागला आणि ताटात काही टाकलं नाही.