घोड्यावरचं बोट

घोड्याचा डावा कान उडालेला होता—कधी, कुणाच्या हातून, देव जाणे—आणि आर्सेनी लुकिच त्या तुटक्या जागेकडेच बघत राहिला, कारण समोर रोदिओनच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती. रोदिओननं नुकतंच विचारलं होतं, "काय रे, बरोबरी? चल, चहा निवेल."

सारातोवच्या या हिवाळी बुद्धिबळ स्पर्धेत दोघा म्हाताऱ्यांचं वर्षानुवर्षं असंच चाललेलं. थोड्या चाली, हात मिळवायचा, मग खाली लिंबाचा चहा, कड्यासारखे बुबलिक पाव आणि रोदिओनच्या गुडघ्यांची कुरकुर. आर्सेनीशी वर्षभरात एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. घरी किटली आणि रेडिओ. आणि हरला की रोदिओन तोंड फिरवायचा तो कायमचाच, हे सगळ्या सारातोवला ठाऊक.

पण आज घोडा पुढे गेला की रोदिओनच्या राजाला शह, आणि पाठोपाठ वजीर खलास... ग्रँडमास्टर म्हणे! अख्खी हयात बरोबरीच्या अर्ध्या-अर्ध्या गुणांवर काढली. संघातले लोक चिडवायचे, "ए अर्ध्या, आज जेवण तरी पुरतं करणार ना?"—आणि तो मेला हसायचा. बायको, झिनाइदा, मात्र हसली नव्हती. "भांडतानासुद्धा बरोबरी मागतोस तू! एकदा जिंक, नाहीतर हर. घरात कुणीतरी आहे असं वाटू दे मला." तिची बॅग दारात होती. 'थांब' म्हणायचं होतं. तो म्हणाला, "तुझंही बरोबर आहे." असं कुणी म्हणतं का!

"अरे, हात लावलास," रोदिओन हळूच म्हणाला.

खरंच. बोट त्या तुटक्या कानावर होतं. 'नुसती सारखी करतोय' असं आधी सांगितलं नसेल, तर हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, पटावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे आधी शिकवतात.

"नुसता सारखा करत होतास ना? तसं आधी म्हणालास, मी ऐकलं. झालं!" आर्सेनी तसं काही म्हणालाच नव्हता. रोदिओन हसला, पण ओठ कोरडे पडले होते. म्हणजे घोडा काय करणार ते त्यालाही दिसलं होतं. विचारण्याआधीच दिसलं असेल... कदाचित दर वर्षीच.

रोदिओन उत्तराची वाट बघत होता. झिनाइदाही अशीच थांबली होती—कडीवर हात ठेवून, किती तरी वेळ—आणि आपण समजलो ती हातमोजा शोधतेय...

खाली कपांचा आवाज झाला. एकटं तर वाटतच होतं, नेहमीसारखंच वाटत होतं. पण चहाला जायची घाई वाटत नव्हती.

त्यानं बोट उचललं नाही.