सिंदूर लावलेली काच

पाताळ रेल्वेचा खड्डा हालदार गल्लीच्या तोंडाशी आला, त्या वर्षी मी भूगर्भशास्त्र शिकून नुकतीच ठेकेदाराच्या कचेरीत लागले होते. रस्ता वरून उकरायचा, दोन्ही बाजूंना पोलादी पत्रे ठोकायचे, खाली बोगदा बांधायचा आणि पुन्हा माती लोटायची, अशी ती पद्धत. कलकत्त्याची माती मऊ. खड्डा खोल गेला की शेजारची घरं कणाकणानं त्याच्याकडे झुकतात.

घराच्या भेगेवर आम्ही काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायचो आणि तिच्यावर तारीख घालायचो. भेग केसभर रुंदावली तरी काच तडकते. हे मला कचेरीतले माझे वरिष्ठ, सुबिनयदा यांनी शिकवलं. बाईमाणूस खड्ड्यात नको, असं सगळे म्हणत असताना त्यांनीच मला कामावर घेतलं होतं. काचा माझ्या होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या काचांची एक पेटी मी आणली होती.

त्यातली एक गल्लीतल्याच नीलिमा बौदीच्या, म्हणजे नीलिमा वहिनीच्या, स्वयंपाकघरातल्या भेगेवर होती. भिंतीपलीकडे तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. काच तडकली तर त्याच दिवशी तुमचं बिऱ्हाड हलवू, असा शब्द मी तिला दिला होता. बौदीनं काच इतकी मनावर घेतली की दर गुरुवारी लक्ष्मीची पूजा झाली की दाराला, तांदळाच्या मडक्याला आणि मग त्या काचेला सिंदूर लावायची. मी दर शुक्रवारी काच तपासायला जायचे. एकदा हसले, तर म्हणाली, "तुझं शास्त्र शुक्रवारी येतं. बाकीचे सहा दिवस कुणी बघायचं?"

अग्रहायण महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, बहिणीच्या लग्नाला मी कृष्णनगरला गेले. सुबिनयदा म्हणाले, "जा निवांत. तुझ्या काचा मी बघतो."

बुधवारी परतले. काच शाबूत होती. तारीख तीच, कडेला कोळशाच्या चुलीची काजळी, मधोमध लाल ठिपका. सवयीनं त्यावर बोट फिरवलं. सिंदूर बोटाला लागतो. हा लागला नाही. नखानं खरवडला, तर पापुद्रा निघाला. रस्त्यावर मापाच्या खुणा करायला आमच्या कचेरीत लाल रंग असायचा, तो.

बौदीला विचारलं. सुबिनयदा शुक्रवारी आले होते, तूच पाठवलंस असं म्हणाले होते. चहा मागितला म्हणून ती दूध आणायला खाली गेली होती. "तुझं नाव घेतलं म्हणून आत घेतलं," ती म्हणाली. "नाहीतर परक्या पुरुषाला मी चुलीपर्यंत येऊ देते होय?"

कचेरीत सुबिनयदा नकाशावर वाकले होते. त्यांनी नाकारलं नाही. काचेचे दोन तुकडे झाले होते, असं शांतपणे सांगितलं. बारा दिवसांत बोगद्याचं छत ओतून होईल, मग माती थांबेल. आता एक बिऱ्हाड हलवलं तर सगळी गल्ली बिथरेल आणि काम महिनाभर बंद पडेल. मग त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली. शुक्रवारच्या ओळीत 'काच शाबूत' लिहिलेलं होतं. सहीची जागा मोकळी होती.

"तुझी सही सगळे मानतात," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त."

कामावर घेतलं ते यासाठीच का, हे मी विचारलं नाही. ती ओळ खोडली, शेजारी 'काच फुटलेली, नंतर बदललेली' असं लिहून सही केली. ते फक्त इतकंच म्हणाले, "तुला खड्ड्यात मी उतरवलं होतं, पोरी."

परत जाऊन मी बौदीला सगळं सांगितलं आणि आजच निघा म्हणाले. ती लाटणं हातात धरून ऐकत राहिली.

"शुक्रवारी तो म्हणाला, तू पाठवलंयस. आज तू म्हणतेस, तो खोटं बोलला. दोघं एकाच कचेरीतले. मी कुणाचं खरं मानू?"

मी तिचा हात धरून काचेपाशी नेला. तिनं ठिपक्यावर बोट घासलं, पुन्हा घासलं, मग उजेडात धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

माझ्याकडे न बघता तिनं चुलीतले निखारे ओढून त्यांवर पाणी ओतलं. मग सासऱ्यांच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, "पायाकडून धर. मी डोक्याकडून धरते."