मावशींच्या हातचा घास

न जेवणारं पोर मावशींकडे पाठवावं, हे त्या गल्लीत आया एकमेकींना कधीपासून सांगत आल्या होत्या. मावशींचं पाळणाघर म्हणजे त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत गाद्या, दुसरीत भिंतीला लागून बुटकी बाकं आणि समोर प्लास्टिकचं कापड ठोकलेलं लांबट टेबल. दुपार झाली की पोरं ओळीने बसत आणि मावशी एक मोठा वाडगा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत. एकाला घास, दुसऱ्याची हनुवटी पुसायची, तिसऱ्यावर डोळे वटारायचे. घरी आईला तासतासभर नाचवणारी पोरं इथे मुकाट तोंड उघडत.

"मावशी, करता तरी काय हो?" आया विचारत.

"हाताला गुण आहे," मावशी म्हणत. "माझ्या हातचं न खाणारं पोर अजून जन्माला यायचंय."

ते जन्माला आलं त्यांच्याच लेकीच्या पोटी.

दिवस भरायच्या कितीतरी आधी तो आला, ओंजळीत मावेल एवढा. सुरुवातीचे महिने काचेच्या पेटीत गेले, नाकातून पोटात नळी घालून. घरी आणल्यावर बाटली लागली. पिताना तो सारखा गुणगुणायचा, म्हणून जावयाने नाव ठेवलं भुंगा. भुंगा उशिरा का होईना रांगला, उभा राहिला, कपाटाला धरून चालायला लागला. पण दीड वर्ष उलटलं तरी पोटात दुधाशिवाय काही नाही. चमचा दिसला की मान फिरवायचा. मऊ भाताचं एक शीत जिभेवर पडलं की उमासे, आणि आधी प्यायलेलं दूधही बाहेर. हातापायाच्या काड्या, कानाच्या पाळ्या मेणासारख्या. नुसत्या दुधावर रक्त भरत नाही, असं डॉक्टर प्रत्येक खेपेला बजावत.

मावशी लेकीला म्हणत, "आठवडाभर माझ्याकडे दे. सरळ करते."

लेक ऐकून न ऐकल्यासारखं करायची. चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायची. ती दुकानात असताना जावई घरी राहायचा आणि रात्रपाळीला जायचा. पण त्याची पाळी बदलली, दोघांच्या वेळा एकच झाल्या, आणि लेकीला दुसरा इलाज उरला नाही. एका सकाळी भुंग्याला कडेवर घेऊन ती मावशींच्या दारात उभी राहिली.

"आई, एक ऐकशील? भरवायचं नाही. पुढ्यात ठेवायचं फक्त. त्याने हात लावला तर लावला, फेकलं तर फेकलं. चमचा तोंडाजवळ न्यायचा नाही. थेरपिस्ट बाईंनी सांगितलंय."

"कोण, त्या चटईवाल्या?" मावशींनी नाक मुरडलं. त्या बाई म्हणे मुलाला चटईवर बसवून अन्नाशी खेळायला लावत. "मोठी शिकलेली गं! पोराने अन्न पायदळी तुडवायचं आणि आपण टाळ्या पिटायच्या."

"आई."

"बरं बाई, नाही भरवत. जा तू, उशीर होईल."

लेक दोन पावलं जाऊन परत वळली. काहीतरी बोलणार होती, पण कोपऱ्यावर बस दिसली आणि ती पळाली.

पहिले काही दिवस मावशींनी शब्द पाळला, म्हणजे त्यांच्या परीने पाळला. बाकाच्या मधोमध भुंग्याला बसवला. दोन्ही बाजूंची पोरं मटामट खाताहेत, बघून याची जीभ चाळवेल, हा हिशेब. भुंगा बघायचा. अगदी मन लावून, एकेकाचं तोंड उघडतं-मिटतं कसं ते बघायचा. पुढ्यात केळ्याच्या चकत्या ठेवल्या तर बोटाच्या टोकाने एक सरकवायचा आणि बोट बाकाला पुसायचा. मग बाटली मिळेपर्यंत गप्प.

हळूहळू मावशींचा धीर सुटत चालला. एक घास चिऊचा झाला, काऊचा झाला, शेवटी त्या स्वतः चिऊ-काऊ होऊन खोलीभर उडाल्या. बाकीची पोरं हसून लोळली. भुंगाही हसला, आणि हसताना उघडलेलं तोंड चमचा जवळ येताच कुलूप लावावं तसं मिटलं. बाटलीच्या दुधात बिस्किटाचा चुरा कालवून पाहिला. पहिल्याच घोटाला त्याने बाटली ढकलली आणि मावशींकडे असं पाहिलं, की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी लेक यायची ती दारातूनच विचारायची, "काही?"

"खाईल हळूहळू," मावशी म्हणायच्या. पण ते म्हणताना त्यांना पूर्वीचा जोर येईना. एका आईने, न्यायला आल्यावर, सहज म्हटलं, "मावशी, घरचं पोर काही तुमच्या हाताला दाद देत नाही." बोलणारी विसरून गेली असेल. मावशींना मात्र ते रात्रभर टोचत राहिलं.

वजन करायला न्यायच्या आदल्या संध्याकाळी लेक आली, भुंग्याचा सदरा बदलताना त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला, आणि तशीच खाली बसून रडली. आवाज नाही काही, नुसतं पाणी.

"उद्या भरलं नाही तर पुन्हा नळी घालायची म्हणताहेत, आई."

"दुपारी नेणार ना? सकाळी आण माझ्याकडे," मावशी म्हणाल्या. "बघू."

सकाळी इतर पोरं यायच्या आत मावशींनी एक बटाटा उकडला, लोणी घालून लोण्यासारखाच मऊ घोटला. भुंग्याला मांडीवर आडवं घेतलं. त्याचा एक हात आपल्या काखेत, दुसरा आपल्या मुठीत. असं कितीएक पोरांना त्यांनी धरलं होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्यांनी नाक दाबलं.

भुंगा धडपडला. त्याचे डोळे मोठे झाले, मावशींच्या चेहऱ्यावर खिळले, आणि श्वासासाठी तोंड उघडलं तसा मावशींनी चमचा आत सारला, जिभेच्या पार मागे. "गिळ, राजा. गिळ. एवढा एकच."

आवाज बंद झाला. आधी त्यांना वाटलं, गिळतोय. मग ओठ जांभळे पडायला लागले. छाती वर आली ती खाली जाईना. त्यांनी त्याला पालथा केला, डोकं खाली, आणि पाठीत धपाटे घातले. एक, आणखी एक, आणखी. पांढरा गोळा फरशीवर पडला. मग श्वास आला, पत्र्यावर काहीतरी घासावं तसा, आणि त्यामागून रडणं. पहिलं पोर घेऊन दारात आलेली आई तिथेच थिजली होती. "मावशी, काय झालं?"

मावशींनी लेकीला फोन केला आणि काय केलं ते जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवीची बुद्धीच झाली नाही. पलीकडून नुसता दुकानातल्या यंत्राचा आवाज येत राहिला, मग फोन बंद झाला.

वजनाचं बाजूला राहिलं; लेकीने त्याला तडक नेल्यावर डॉक्टरांनी आधी छाती तपासली. आत काही गेलं नव्हतं. "वाचला," असं म्हणून मावशींनी पदराने डोळे पुसले. त्यांना वाटलं, घात टळला.

संध्याकाळी भुंग्याने बाटली घेतली नाही. रात्री घेतली नाही. दुसऱ्या दिवशी लेकीने बाटली नुसती जवळ आणली तरी त्याने दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले आणि मागे मागे सरकत भिंतीला टेकला. त्याची ती गुणगुण संपली. ओठ सुकले, लंगोट कोरडे राहायला लागले, आणि मग इस्पितळाशिवाय मार्ग उरला नाही. आधी हाताला सलाईन, मग नाकातून नळी. नळी घालताना तिघांनी मिळून त्याला धरलं. बाहेर बाकावर बसून मावशींना त्याचा आवाज ऐकू येत होता.

लेक बाहेर येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"माझंही धरायचीस," ती म्हणाली.

"काय?"

"नाक."

मावशी गोंधळल्या. "तू खायचीसच नाहीस गं. तुझ्या बापाने विचारलं असतं, पोर अशी वाळकी का? सगळ्याच धरायच्या तेव्हा."

"मला अजून कुणी समोर असलं की घास उतरत नाही. दुकानात मी मागच्या खोलीत जेवते, उभ्याने, खोक्यांकडे तोंड करून. घरी हे दोघं झोपल्यावर."

मावशींनी लेकीकडे पाहिलं. इतकी वर्षं ही सणासमारंभाला वाढण्याच्या निमित्ताने पंक्तीतून उठायची, आणि मावशी चारचौघींत कौतुकाने सांगायच्या, माझ्या पोरीला आधी दुसऱ्यांना वाढायची सवय.

"कधी बोलली नाहीस."

"तोंड भरलेलं असायचं."

वॉर्डातलं रडणं दमून बारीक झालं.

"आणि माहीत असून मी त्याला तुझ्याकडे ठेवला," लेक म्हणाली. "तुझी चूक तुझ्याकडे, पण ही माझी आहे. हे मी कुणाला सांगू?"

मावशी जवळ सरकल्या. लेक उठून आत गेली.

भुंगा गालावर चिकटपट्टी आणि नळी घेऊन घरी गेला, तो पुन्हा पाळणाघरात आला नाही. जावयाने पगार कमी घेऊन रात्रपाळी मागून घेतली. इकडे पाळणाघरात दुपार झाली की मावशी वाडगा उचलायच्या आणि पहिल्याच पोरापाशी अडायच्या. एके दिवशी त्यांनी वाडगा टेबलावर मधोमध ठेवून दिला. "घ्या आपापलं," म्हणाल्या. पोरं चोची वासलेल्या पिल्लांसारखी बसून राहिली. कुणालाच हाताने खाता येत नव्हतं. मावशींनी त्यांना कधी तसं खाऊच दिलं नव्हतं. पोरं उपाशी घरी जायला लागली, आया कुरकुरल्या, दोघी-तिघींनी मुलं काढून घेतली. मावशींनी कुणाला थांबवलं नाही.

पुढे एकदा लेकीचाच फोन आला. थेरपिस्ट बाईंनी बोलावलं होतं. मावशी मान खाली घालूनच गेल्या. खोलीत खरोखरच एक निळी चटई होती. एका कडेला लेक भुंग्याला घेऊन बसली होती. मावशींना पाहताच त्याचे दोन्ही तळवे तोंडावर गेले.

"मी जाते," मावशी म्हणाल्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याच्या घरातल्या आहात, तुम्हाला किती दिवस लपवणार? तिथे लांब बसा. तुम्ही फक्त जेवायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, 'ये जेवायला' म्हणायचं नाही."

"मी जेवू?"

"डबा आणायला सांगितला होता ना?"

दर आठवड्याला मावशी जाऊ लागल्या. पाव, उकडलेली अंडी, गाजराचे तुकडे असं काहीतरी डब्यात घेऊन चटईच्या टोकाला बसायच्या आणि खायच्या. पोरं आवरून झाल्यावर मोरीपाशी उभ्याने चार घास कोंबायची त्यांना सवय; बसून, सावकाश, कुणी टक लावून बघत असताना जेवणं त्यांना जमेना. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. शेवटी पाण्याबरोबर तो ढकलायच्या.

भुंग्याचे तळवे खाली आले नाहीत. या आठवड्यात नाही, त्या आठवड्यात नाही.

"किती दिवस लागतील?" मावशींनी एकदा विचारलंच.

"वर्ष. कदाचित जास्त. नळी घेऊनच शाळेत जावं लागेल कदाचित. खाईलच असंही मी सांगू शकत नाही, आजी. खोटं बोलून काय करू?"

त्या दिवशी बाईंनी लेकीलाही सुचवलं, तुम्हीही काहीतरी खा, मुलासमोर, आईसमोर. मावशींनी डबा चटईवरून तिच्याकडे सरकवला आणि पटकन खिडकीकडे पाहायला लागल्या. पाव मोडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. अखेर झाकण लागलं आणि डबा सरकत परत आला.

"नाही जमत," लेक म्हणाली.

दुधाची वेळ झाली होती. तिने नळीचं टोक सोडवलं, सिरिंज जोडली आणि उंच धरली. दूध हळूहळू खाली उतरू लागलं. भुंगा तोंड झाकून तिच्या मांडीवर पेंगत होता. तिचा हात अवघडलेला मावशींना दिसला.

"मी धरू का थोडा वेळ?"

"नको," लेक म्हणाली. "तू जेव."

मावशींनी तिने मोडून ठेवलेला पाव उचलला आणि चावायला लागल्या.