टाळेबंदीच्या हिवाळ्यातली घंटा

मित्रांनो, देवळातल्या घंटेला लोक हात जोडतात, शाळेच्या घंटेची तुम्ही वाट बघता. माझं यातलं काहीच नाही. मी आहे एक जुनी लोखंडी हातघंटा, जराशी वाकडी, एका कुशीवर वेल्डिंगची जाड शिवण असलेली. पण माझ्या आवाजासरशी चार हजार माणसं उठून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. तेव्हा मला बिचारी म्हणायचं नाही!

कॅनडाच्या उत्तरेला सेंट-ओडिल नावाचं खाणीचं गाव आहे. तिथल्या निकेलच्या खाणीत ऑरेल तायफर यंत्रं दुरुस्त करायचा. एका जेवणाच्या सुट्टीत त्याने भंगारातला पत्रा वाकवला, जोडला, आत एक जाडजूड बोल्ट टांगला आणि मला हलवून पाहिलं. शेजारी डबा खात बसलेला त्याचा मित्र तोइव्हो दचकला.

"झकास! आता गाय कधी आणतोयस?"

"गाय नाही, कोल्हे," ऑरेल म्हणाला.

'तांबडे कोल्हे' म्हणजे आमच्या गावाचा आइस हॉकीचा संघ. बर्फावर पायात पाती बांधून धावणारे, काठीने काळी चकती हाणणारे पगारी खेळाडू. त्यांचा एकही घरचा सामना ऑरेलने सव्वीस हिवाळ्यांत चुकवला नाही, म्हणजे मीही नाही. चकती जाळ्यात गेली रे गेली की मी वाजायचे. एकदा पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाने पंचाकडे माझी तक्रार केली. पंच म्हणाला, "ती गावचीच आहे, तिला बाहेर कसं काढू?" त्या दिवसाएवढी ताठ मी पुन्हा कधी झाले नाही.

मध्ये एकदा खाणीत संप झाला. नऊ महिने मी खाणीच्या फाटकाशी वाजले. तेव्हा जे कोणी ते फाटक ओलांडून कामावर गेले, त्यांच्याशी गावात अजूनही कोणी बोलत नाही. दुकानात त्यांना सामान मिळतं, पण 'काय थंडी पडलीय' एवढंसुद्धा कोणी म्हणत नाही. आमचं गाव असं आहे.

आणि मग तो हिवाळा आला. ऑरेल निवृत्त झाला होता. खेळाडूंचे करार संपले होते, नव्या करारावर त्यांचं आणि संघमालकांचं जमेना. मालकांनी स्टेडियमला कुलूप ठोकलं. मित्रांनो, कामगार काम थांबवतात तो संप. मालकच दार बंद करतात ती टाळेबंदी. बघणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन्हीत बंद दारच येतं.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ऑरेलला समोर बसवून सांगितलं, की त्याच्या नजरेचा मधला भाग पुसत चालला आहे. कडेकडेचं दिसत राहील. समोरचं मात्र उन्हाळ्यापर्यंत जाईल.

ऑरेलला एकच हवं होतं. डोळे आहेत तोवर एक सामना बघायचा. एकच.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. स्टेडियमच्या दाराला कुणीतरी कोल्ह्यांचा सदरा उलटा टांगून गेलं. तोइव्होने वर्तमानपत्राला तीन पानी पत्र लिहिलं. त्यातल्या दोन ओळी छापून आल्या, त्याही त्याच्या मते सगळ्यात मिळमिळीत. रेडिओ रोज सांगायचा, चर्चा फिसकटली.

"परत फिसकटली!" ऑरेल रेडिओवर डाफरायचा. "ही चर्चा आहे की रोझलिनचं लग्नानंतरचं पहिलं ऑम्लेट?"

"पहिलंच कशाला, चाळिसावंही," आतून त्याची बायको म्हणायची. "सगळी मुकाट्याने खाल्लीस की!"

तो हसायचा, पण हसताना मान तिरकी करून तिच्याकडे बघायचा. कोंबडी बघते ना, तशी. सरळ बघितलं तर रोझलिनचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

मला त्याने गॅरेजात खिळ्याला अडकवलं होतं. एका बाजूला बर्फ काढायचं फावडं, दुसऱ्या बाजूला जुनी दोरी. माझ्यातल्या बोल्टाला गंज धरला. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. मालकांचाही आणि खेळाडूंचाही.

जानेवारीत मालकांनी बातमी दिली. रविवारी दुपारी सामना! कोल्ह्यांच्या लाल सदऱ्यात, नेहमीच्या खेळाडूंच्या जागी, बाहेरून आणलेले बदली खेळाडू उतरणार. दार सगळ्यांना उघडं, तिकीट नाही.

रविवारी सकाळी रोझलिनने ऑरेलचा जाड कोट स्वतःच दाराशी आणून ठेवला.

"जा," ती म्हणाली.

"बदली माणसं आहेत, रोझ. स्टेडियमच्या दाराशी आपली कोल्ह्यांची पोरं उभी असतील."

"असू देत. तुझ्या संपात नऊ महिने मी वाटाण्याच्या सूपावर घर ओढलं. तेव्हा काही बोलले? आज बोलते. उन्हाळ्यात तुला काय दिसणार आहे? जा आणि बघून ये."

गॅरेजात जाऊन ऑरेलने मला खिळ्यावरून काढलं, बोल्टाला तेल लावलं आणि कोटाच्या खिशात घातलं.

वाटेत तोइव्हो भेटला. तो एरवी सतत बडबडणारा, पण त्या दिवशी नुसतं बर्फ तुडवत आला. स्टेडियमच्या दाराशी कोल्ह्यांचे नऊ खेळाडू हातात पाट्या धरून उभे होते. त्यांच्या भुवयांवर बर्फ जमलं होतं. ते कुणाला अडवत नव्हते, ओरडत नव्हते. काही लोक मान खाली घालून आत जात होते.

"या आजोबा, आत गरम आहे," दारावरची मुलगी म्हणाली.

ऑरेलचा हात माझ्या मुठीवर घट्ट आवळला गेला. आतून बर्फावर पाती घासल्याचा आवाज येत होता. तो आवाज त्याने दहा महिने ऐकला नव्हता.

तो उंबऱ्याशी उभा राहिला. एक पाऊल टाकायचं होतं. नाही टाकलं. वळला आणि तडक कर्णधार लायलपुढे जाऊन उभा राहिला.

"मी आत जात नाहीये. पण म्हणून तुझ्यावर खूश आहे असं समजू नकोस! तू आणि तुझा मालक, दोघांना एका खोलीत कोंडून किल्ली तळ्यात टाकायला हवी. तुमच्या भांडणात माझा हिवाळा गेला."

"काका, आमचाही गेला," लायल पुटपुटला.

"तुला पुढचा आहे, गाढवा!" तोइव्होला राहवलं नाही. "याचे डोळे चाललेत. हा शेवटचा हिवाळा त्याचा."

लायलच्या हातातली पाटी खाली आली. "किती दिसतं तुम्हाला?"

"तुझं नाक दिसत नाही," ऑरेल म्हणाला. "कान दिसतात. भलतेच मोठे आहेत."

कोणीतरी फिस्सकन हसलं. लायल मात्र हसला नाही. तो आपल्या साथीदारांकडे वळला. "पाती गाडीत आहेत ना सगळ्यांची? तळ्यावर चला."

स्टेडियममागे तळं आहे, जानेवारीत ते इतकं गोठतं की त्याच्यावरून ट्रक जातो. लोकांनी फावडी आणली, बर्फाचा भुगा बाजूला सारला. गोल म्हणून बुटांचे चार ढीग. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार आणि पाचवी बेकरीवाली मिरेय, जिने शाळेत असताना सगळ्या मुलांना हरवलं होतं. ना आसनं, ना मध्ये काच. ऑरेल थेट खेळाच्या कडेला उभा, मान तिरकी, ओठांत जीभ धरलेली.

आणि मित्रांनो, आता ऐका. स्टेडियममध्ये आम्ही एकविसाव्या रांगेत बसायचो. तिथून त्या दिवशी त्याला काय दिसलं असतं? लाल-पांढरे ठिपके, तेही अर्धे. इथे चकती त्याच्या बुटाला चाटून गेली. श्वासांच्या वाफा, काठीवरची फाटकी पट्टी, घसरून बसलेल्या मिरेयच्या खणखणीत शिव्या, सगळं हाताच्या अंतरावर. लायल सुसाट आला आणि ऑरेलपुढे असा गर्रकन थांबला की बर्फाचा फवारा थेट त्याच्या तोंडावर उडाला.

"दिसलं!" मिशीतून पाणी निथळत असताना ऑरेल ओरडला. "तोइव्हो, मला दिसलं!"

मला त्याने इतकं वाजवलं की शिवणीत चीर गेली. आजही आहे ती. स्टेडियमच्या आत त्या वेळी कोण जिंकलं, मला ठाऊक नाही. मी बाहेर होते.

टाळेबंदी उठली ती थेट सप्टेंबरात. करारात कुणाला काय मिळालं, ते मोठ्या माणसांना विचारा. आता ऑरेल त्याच रांगेत बसतो, तोइव्हो त्याला सामना सांगतो आणि निम्मा चुकीचा सांगतो. गोल झाला की मी वाजते, चिरेमुळे थोडी घोगरी.

मित्रांनो, तुमचंही कुणीतरी असेल, ज्याची कुठलीतरी वेळ सरत चालली आहे. भांडण रास्त असेल तर जरूर भांडा, मी स्वतः नऊ महिने फाटकावर वाजले आहे. पण भांडता भांडता एकदा मागे वळून बघा, तुमच्यासाठी दाराशी कोण ताटकळत उभं आहे. त्याला विचारा, "किती दिसतं तुम्हाला?" आणि मग त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन खेळा.